चार्ल्स हॉचकिस नॉर्टन : ग्राइंडिंग यंत्राला कारखान्यात मानाचे स्थान मिळवून देणारा यंत्रज्ञ

मोटारगाडीचा विषय निघाला की हेन्री फोर्ड यांचे नाव शाळकरी मुलेही सांगतात. परंतु त्या गाडीच्या इंजिनाच्या पोटात फिरणारा क्रँकशाफ्ट अचूक गोल आणि आरशासारखा गुळगुळीत कसा होतो, आणि तो हजारोंच्या संख्येने, सामान्य माणसाला परवडेल अशा खर्चात तयार करण्याची वाट कोणी मोकळी केली, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. ती वाट मोकळी करणाऱ्या पुरुषाचे नाव चार्ल्स हॉचकिस नॉर्टन. अमेरिकेतील या यंत्रज्ञाने दंडगोलाकार भाग घासून घडविणाऱ्या यंत्राला, म्हणजे आपल्या कारखान्यांतील भाषेत सिलिंड्रिकल ग्राइंडरला, एका कोपऱ्यातून उचलून कारखान्याच्या मध्यभागी आणून बसविले.

आपल्या समाजातील कित्येक घरे व्यापार-उद्योगात स्थिरावली आहेत. कोणाचे स्पेअर पार्ट्सचे दुकान आहे, कोणाचे लेथचे वर्कशॉप आहे, कोणाच्या घरी पंपांची किंवा इंजिनांची एजन्सी आहे. अशा घरांतून रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंमागे एका माणसाची किती वर्षांची चिकाटी उभी आहे, याची ओळख व्हावी, एवढाच या चरित्रलेखाचा हेतू आहे.

घड्याळांच्या प्रदेशातील जडणघडण

नॉर्टन यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८५१ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील प्लेनव्हिल या गावी झाला. हा प्रदेश त्या काळी घड्याळनिर्मितीसाठी सर्वदूर प्रसिद्ध होता. गावोगावी पितळी चक्रे, दाते, आस आणि तबकड्या बनविणारे कारखाने होते. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाचे हात लहानपणीच धातूला सरावले, तर त्यात नवल नव्हते.

गावच्या शाळेतील शिक्षण आटोपून १८६६ मध्ये, वयाची १५ वर्षेही पूर्ण झालेली नसताना, ते सेथ थॉमस क्लॉक कंपनीत पडेल ते काम करणारा पोऱ्या म्हणून दाखल झाले. कारखान्यात झाडलोट करता करता त्यांनी यंत्रे पाहिली, यंत्रे पाहता पाहता ती चालविली, आणि चालविता चालविता ती सुधारली. पोऱ्याचा कारागीर झाला, कारागिराचा फोरमन झाला, पुढे सर्व यंत्रसामग्रीची देखरेख त्यांच्याकडे आली आणि अखेरीस मनोऱ्यांवर बसविण्याच्या मोठ्या सार्वजनिक घड्याळांचा विभाग त्यांच्या हाती सोपविण्यात आला. एकाच कारखान्यात त्यांनी सुमारे २० वर्षे काढली. कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. घड्याळांचा हा कारखाना हेच त्यांचे विद्यापीठ.

मनोऱ्यावरील घड्याळ हे एक विलक्षण यंत्र असते. त्याचे भाग आकाराने अवजड, परंतु त्यांच्याकडून अपेक्षा मात्र मनगटी घड्याळाच्या अचूकतेची. यंत्र दणकट असले म्हणजे ते स्थूल कामाचे आणि नाजूक असले म्हणजेच ते अचूक, ही समजूत खरी नाही, हा धडा तेथे आपोआप मिळतो. नॉर्टन यांच्या पुढील आयुष्यातील सारे कार्य याच धड्याचा विस्तार होता असे म्हटले, तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

घासण्याची कला आणि तिची जुनी मर्यादा

नॉर्टन यांचे कार्य समजून घेण्यासाठी ग्राइंडिंग म्हणजे काय, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. रस्त्यावर चाकू-कात्रीला धार लावणाऱ्याचे फिरते चाक आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या चाकात कठीण खनिजाचे असंख्य कण एकमेकांना चिकटवून बसविलेले असतात. प्रत्येक कण ही एक सूक्ष्म छिन्नीच होय. लोखंड त्या चाकाला लागले की प्रत्येक कण त्यातून एक बारीकसा कीस काढतो. ठिणग्या म्हणजे तोच तापून लाल झालेला कीस. ग्राइंडिंगचा बारीक चुरा भिंगाखाली धरला, तर लेथवर निघतात तसेच वळलेले तुकडे त्यात दिसतात. घासणे हे अशा रीतीने कापणेच आहे.

लेथवर पोलादी हत्याराने साध्या लोखंडाचा दांडा कातता येतो. परंतु तोच दांडा झिजू नये म्हणून तापवून, पाणी देऊन कठीण केला, की लेथचे हत्यार त्यापुढे हतबल होते. शिवाय कठीण करताना तो दांडा किंचित वाकतो, फुगतो, आकार बदलतो. कठीण झाल्यानंतर तो पुन्हा अचूक मापावर आणायचा असेल, तर चाकाने घासण्यावाचून दुसरा उपाय त्या काळी नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिवणयंत्रांच्या कारखान्यांना ही अडचण प्रकर्षाने भेडसावू लागली. शिवणयंत्रात सुई धरून वरखाली होणारा दांडा कठीणही हवा आणि अचूकही. प्रारंभी लेथवरच घासण्याचे चाक बसवून वेळ मारून नेली जाई. ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरी असलेल्या ब्राउन अँड शार्प कंपनीचे जोसेफ ब्राउन यांनी या कामासाठी स्वतंत्र यंत्र रचले. ते युनिव्हर्सल ग्राइंडर १८७६ मध्ये लोकांसमोर आले. दुर्दैवाने त्याच वर्षी ब्राउन यांचे निधन झाले. या यंत्रात काम दोन टोकांच्या अणकुचीदार आधारांमध्ये, म्हणजे सेंटर्समध्ये, धरले जाते व सावकाश फिरविले जाते. चाक मात्र अतिशय वेगाने फिरत असते. कामाचा टेबल डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सरकत राहतो व प्रत्येक फेरीला चाक केसाएवढे पुढे येते. लेथवर एका बाजूचे सेंटर स्वतः फिरते, त्यामुळे त्याच्यातील दोष कामात उतरतो. ग्राइंडरवर दोन्ही सेंटर्स स्थिर ठेवता येतात आणि काम तेवढे त्यांच्याभोवती फिरते. म्हणून त्याची गोलाई लेथच्या गोलाईपेक्षा सरस ठरते.

यंत्र उत्तम होते, परंतु त्याची भूमिका मर्यादित होती. ते बांध्याने हलके, त्याचे चाक अरुंद. लेथवर जवळजवळ पूर्ण झालेल्या भागावरून अखेरचा हलका हात फिरविणे, एवढेच त्याचे काम मानले जाई. हत्यारे बनविण्याच्या विभागातील एखादा कुशल कारागीर त्याच्यापाशी तासन् तास बसे. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाशी त्याचा संबंध कोणी जोडत नसे.

ब्राउन अँड शार्पमधील वर्षे

१८८६ मध्ये नॉर्टन ब्राउन अँड शार्प कंपनीत आले. तेथे त्यांची गाठ हेन्री लेलंड यांच्याशी पडली. हे तेच लेलंड, ज्यांनी पुढे कॅडिलॅक आणि लिंकन या दोन विख्यात मोटार कंपन्या उभारल्या. अचूकतेचा ध्यास ही या दोघांना जोडणारी गोष्ट होती.

नॉर्टन यांच्याकडे ब्राउन यांच्या ग्राइंडरमध्ये सुधारणा करण्याचे काम आले. त्यांनी यंत्राचे भाग मजबूत केले आणि पोकळ भाग आतून घासण्याची सोय केली. परंतु काम करीत असताना त्यांच्या मनात एक वेगळाच विचार रुजू लागला. चाकाने जे काम होते ते एवढे सावकाश का होते? दोष चाकाच्या स्वभावात आहे, की त्याला धरणाऱ्या यंत्रात?

त्यांच्या लक्षात आले, की हलक्या यंत्रावर चाक जरा जोराने टेकविले की यंत्र थरथरते, आणि त्या कंपनांची नक्षी कामावर उमटते. म्हणून कारागीर भीत भीत, अगदी निसटता स्पर्श करीत घासतो. चाक समतोल नसेल तर ते स्वतःच हादरे देते. घासताना निर्माण होणारी उष्णता वाहून नेली नाही, तर काम तापून फुगते आणि थंड झाल्यावर माप चुकते. या तिन्ही गोष्टींवर उपाय आहे. यंत्राचा पाया जड करावा, चाक काटेकोरपणे समतोल करावे आणि कामावर पाण्याची धार सतत सोडावी. मग चाक रुंद करता येईल, मोठे करता येईल आणि त्याला पोटभर धातू कापायला देता येईल.

डेट्रॉइटचे प्रकरण

१८९० मध्ये लेलंड यांनी डेट्रॉइट शहरी स्वतंत्र व्यवसाय सुरू करण्याचे ठरविले. भांडवल मुख्यतः रॉबर्ट फॉकनर या गृहस्थांचे होते. नॉर्टनही भागीदार झाले आणि लेलंड, फॉकनर अँड नॉर्टन अशा नावाने कंपनी सुरू झाली. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या, मजुरीपासून सुरुवात केलेल्या माणसाचे नाव कारखान्याच्या पाटीवर झळकले. सामान्य माणसाने येथे समाधान मानले असते.

परंतु ही भागीदारी नॉर्टन यांच्यापुरती काही वर्षांतच संपुष्टात आली. १८९६ मध्ये ते पुन्हा ब्राउन अँड शार्पमध्ये नोकरीस परतले. जेथून मालक होण्यासाठी निघालो तेथेच पुन्हा नोकर म्हणून जाणे, हे कोणत्याही स्वाभिमानी माणसाला सोपे नसते. तरीही त्यांच्या मनातील यंत्र मात्र त्यांनी सोडले नव्हते.

नकार

परत आल्यावर नॉर्टन यांनी आपली योजना मालकांपुढे मांडली. जड बांध्याचे, रुंद व मोठ्या चाकाचे, भरपूर अश्वशक्ती खाणारे ग्राइंडिंग यंत्र बनवावे; लेथवर भाग फक्त जाडाभरडा कातून थोडा धातू शिल्लक ठेवावा आणि उरलेले सर्व काम चाकाकडे सोपवावे. लेथवर अखेरचे बारीक कातकाम करण्यात आणि नंतर कानस व पॉलिश पेपर घेऊन बसण्यात जो वेळ जातो, तो जवळजवळ सारा वाचेल, असे त्यांचे म्हणणे होते.

ही योजना मान्य झाली नाही. न्यायाने पाहू जाता, नकार देणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ब्राउन अँड शार्पचे यंत्र जगात नावाजलेले होते आणि ती कंपनी सूक्ष्म अचूकतेसाठी ओळखली जात होती. चाक म्हणजे हलक्या हाताचे हत्यार, ही धारणा वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आलेली होती. शिवाय वेगाने फिरणारे मोठे चाक फुटले तर त्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात, हे धोक्याचे वास्तव होतेच. चांगल्या चाललेल्या धंद्यात एवढी जोखीम कशासाठी, असा विचार अनुभवी व्यापारी करणारच.

नॉर्टन यांच्यासमोर दोन मार्ग होते. मान्यवर कंपनीतील सुरक्षित स्थान राखून कल्पना बाजूस ठेवावी, किंवा कल्पनेसाठी ते स्थान सोडावे. त्यांचे वय तेव्हा ४८ होते. एकदा स्वतंत्र होण्याचा प्रयत्न फसलेला होता. तरीही त्यांनी दुसरा मार्ग पत्करला.

भट्टीतून निघालेले चाक

येथे कथेचा ओघ मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर शहराकडे वळतो. त्या गावी फ्रँकलिन नॉर्टन या गृहस्थांचा मातीची भांडी बनविण्याचा कारखाना होता. नावातील साम्य हा केवळ योगायोग. आपल्या चरित्रनायकाशी त्यांचे नाते नव्हते. तेथील स्वेन पूल्सन या स्वीडिश कारागिराने १८७०च्या दशकात एमरीची भुकटी मातीत कालवून, चाकाच्या आकारात घडवून, मडक्यासारखी भट्टीत भाजली. कण धरून ठेवणारी माती काचेसारखी घट्ट झाली आणि एक मजबूत व एकसारखे कापणारे चाक तयार झाले. १८८५ मध्ये फ्रँकलिन नॉर्टन यांच्याकडून हा चाकांचा व्यवसाय काही जणांनी मिळून विकत घेतला. त्यांत जॉन जेप्सन हे स्वीडनहून आलेले कुंभारकामातील जाणकार होते. मिल्टन हिगिन्स आणि जॉर्ज ऑल्डन हे दोघे वुस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेतील. हिगिन्स तेथील कार्यशाळेचे प्रमुख, तर ऑल्डन प्राध्यापक. नाव जुनेच ठेवले गेले : नॉर्टन एमरी व्हील कंपनी.

मातीच्या भांड्याशी असलेले चाकाचे हे नाते आजही कारखान्यात पाहावयास मिळते. नवे चाक यंत्रावर चढविण्यापूर्वी जाणता कारागीर ते बोटावर किंवा दांडीवर अडकवून लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहतो. ठणठणीत नाद आला तर चाक निर्दोष. बद्द आवाज आला तर आत तडा आहे असे समजून ते बाजूस ठेवतो. बाजारात मडके घेताना आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया हीच परीक्षा करीत आल्या आहेत.

चाकाच्या आतील कणांचीही येथे आठवण करून देणे उचित ठरेल. एमरी हे निसर्गात मिळणारे मिश्र खनिज. त्यातील कापणारा घटक म्हणजे कोरंडम, आणि हा शब्द मूळचा आपल्याच देशातील. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम आणि आपल्याकडील कुरुंद या शब्दांचेच ते पाश्चात्त्य रूप होय. निसर्गातील एमरी एकसारखी मिळत नसे. १८९१ मध्ये एडवर्ड ॲचेसन यांनी विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केले. त्यानंतर काही वर्षांतच बॉक्साइट वितळवून कृत्रिम कोरंडम बनविण्याची रीत सापडली. नॉर्टन एमरी व्हील कंपनीने ती रीत आपलीशी केली आणि नायगारा धबधब्यापाशी, मुबलक विजेच्या आधाराने, त्याचे उत्पादन सुरू केले. त्यामुळे पोलाद कापणारे, प्रत्येक वेळी सारख्याच गुणाचे चाक मिळू लागले. अवजड यंत्राला ज्या दर्जाचे चाक हवे होते, ते नेमके याच काळात उपलब्ध होत होते.

वुस्टर येथील नवी सुरुवात

चाके बनविणाऱ्या या मंडळींना चार्ल्स नॉर्टन यांची कल्पना पटली. त्यात व्यापारी दृष्टीही होती, कारण यंत्र मोठे झाले तर चाकांचा खपही वाढणार होता. परंतु केवळ हिशेबाने माणूस एवढे धाडस करीत नाही. हिगिन्स व ऑल्डन यांना यंत्रविद्येची शास्त्रीय जाण होती. ऑल्डन यांनी तर पुढे १९१४ मध्ये चाकाच्या कापण्याच्या क्रियेवर गणिती विवेचन करणारा निबंध सादर केला. भांडवल, विद्या आणि कारागिरी एकत्र आली. १९०० मध्ये वुस्टर येथे नॉर्टन ग्राइंडिंग कंपनी स्थापन झाली आणि तिची यंत्ररचना चार्ल्स नॉर्टन यांच्याकडे आली.

त्यांचे पहिले यंत्र न्यूयॉर्कच्या आर. हो अँड कंपनीने घेतले. ही कंपनी वृत्तपत्रांसाठी छपाईयंत्रे बनवीत असे. छपाईयंत्रांत लांब दांडे आणि रूळ असतात व त्यांची गोलाई टोकापासून टोकापर्यंत एकसारखी लागते. नव्या यंत्राची कसोटी पाहण्यास याहून योग्य ठिकाण क्वचितच सापडले असते. यंत्र त्या कसोटीस उतरले.

तरीही कारखानदारांची मने वळविणे हे यंत्र बनविण्याइतकेच कठीण होते. पिढ्यान् पिढ्या लेथवर बारीक हात मारून नाव कमावलेल्या कारागिरांना जाडेभरडे कातून भाग पुढे पाठवा असे सांगणे म्हणजे त्यांच्या कौशल्याचा अवमान वाटे. नॉर्टन यांनी वादापेक्षा प्रत्यक्ष प्रयोगावर भर दिला. एकाच प्रकारचा दांडा जुन्या आणि नव्या पद्धतीने करून वेळ मोजावा, माप तपासावे; मग निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. आपले विचार त्यांनी लेखांतून व पुढे दंडगोलाकार ग्राइंडिंगच्या तत्त्वांवरील ग्रंथातूनही मांडले.

क्रँकशाफ्टचा प्रश्न

मोटारउद्योग तेव्हा बाल्यावस्थेत होता. इंजिनातील सर्वांत अवघड भाग म्हणजे क्रँकशाफ्ट. पिस्टनची वरखाली होणारी गती चाकांच्या फिरत्या गतीत बदलण्याचे काम तो करतो. त्याचा आकार वेडावाकडा, आणि बेअरिंगमध्ये बसणारे त्याचे गोल भाग, ज्यांना जर्नल म्हणतात, एका रेषेत नसतात. जर्नल आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर राहावा लागतो. जर्नल किंचितही लंबगोल किंवा खरखरीत असले, तर तो थर तुटतो, धातू धातूला घासतो आणि इंजिन जाम होते. असा क्रँकशाफ्ट लेथवर कातून, कानशीने घासून, पॉलिश करून पूर्ण करण्यास सुमारे ५ तास लागत.

१९०३ मध्ये नॉर्टन यांनी खास क्रँकशाफ्टसाठी यंत्र सिद्ध केले. त्याचे चाक एवढे रुंद होते, की जर्नलची संपूर्ण लांबी एकाच वेळी त्याखाली येई. टेबल डावी-उजवीकडे सरकविण्याची गरजच उरली नाही. चाक सरळ आत नेले, माप आले की मागे घेतले, जर्नल तयार. ५ तासांचे काम १५ मिनिटांवर आले. वेळ वीस पटींनी कमी झाला आणि अचूकता घटण्याऐवजी वाढली.

हेन्री फोर्ड यांनी मॉडेल टी गाडीच्या उत्पादनासाठी अशी ३५ यंत्रे मागविली. १९०८ मध्ये ही गाडी बाजारात आली आणि मोटार ही श्रीमंतांची चैन न राहता शेतकऱ्याच्या व दुकानदाराच्या दारात उभी राहू लागली. या परिवर्तनाचे श्रेय फोर्ड यांच्या योजकतेस निःसंशय आहे. परंतु सुटे भाग जलद आणि एकसारखे मिळाल्यावाचून कोणतीही योजना तडीस जात नाही. एका इंजिनाचा क्रँकशाफ्ट दुसऱ्यात बिनचूक बसावा, ही गोष्ट ग्राइंडिंग यंत्राने व्यवहारात आणली. वुस्टर येथीलच जेम्स हील्ड यांनी इंजिनाच्या सिलिंडरची आतील बाजू घासणारे यंत्र याच दशकात बनविले. अशा रीतीने इंजिनाचे बाहेरचे गोल आणि आतले गोल, दोन्हींचा प्रश्न एकाच शहरात सुटला.

उत्तरायुष्य

१९१९ मध्ये नॉर्टन ग्राइंडिंग कंपनी मूळच्या नॉर्टन कंपनीत विलीन झाली. चार्ल्स नॉर्टन तेथे यंत्रविभागाचे मुख्य अभियंता व पुढे सल्लागार म्हणून कार्यरत राहिले. १९२५ मध्ये त्यांना फिलाडेल्फिया शहराच्या वतीने दिले जाणारे जॉन स्कॉट पदक प्राप्त झाले. मानवजातीला उपयुक्त ठरलेल्या शोधांबद्दल हा सन्मान दिला जातो.

२७ ऑक्टोबर १९४२ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षात असताना, आपल्या जन्मगावी, प्लेनव्हिल येथेच त्यांचे निधन झाले. दुसरे महायुद्ध तेव्हा ऐन भरात होते. विमानांच्या व वाहनांच्या इंजिनांचे असंख्य भाग ग्राइंडिंग यंत्रांवर घडत होते. आपल्या हातून निघालेल्या विद्येचा उपयोग संहारासाठीही होताना पाहण्याची वेळ या वृद्ध यंत्रज्ञावर आली. आणि त्याच विद्येवर शेतातील इंजिने, छापखाने आणि रुग्णवाहिकाही चालत होत्या. साधनाला स्वतःचा धर्म नसतो. तो ते वापरणाऱ्याने द्यावयाचा असतो.

आपल्या परिसरातील खूण

या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो. मुंबई बंदराच्या पलीकडे, उरणजवळील मोरा येथे १९४१ मध्ये ग्राइंडवेल या नावाने घासण्याची चाके बनविण्याचा उद्योग सुरू झाला. पुढे अमेरिकेतील नॉर्टन कंपनीशी त्याचे सहकार्य होऊन ग्राइंडवेल नॉर्टन हे नाव रूढ झाले. हार्डवेअरच्या दुकानांत चाकांवर छापलेले नॉर्टन हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. मात्र ते नाव चार्ल्स नॉर्टन यांचे नव्हे. ते वुस्टरच्या त्या मातीची भांडी करणाऱ्या फ्रँकलिन नॉर्टन यांचे. ज्याने चाकाला उत्पादनाच्या कामास जुंपले, त्याचे आडनाव चाकावर छापलेले दिसते खरे, पण तेही योगायोगाने! डेट्रॉइटच्या पाटीवरून ज्याचे नाव उतरले, त्याच्या वाट्याला अखेर एक सारखेच परंतु दुसऱ्याचे नाव आले. तथापि त्यांच्या चरित्रात याबद्दल कोठे खंत आढळत नाही.

गावोगावच्या औद्योगिक वसाहतींत क्रँक ग्राइंडिंग अशी पाटी लावलेली वर्कशॉप्स आढळतात. ट्रॅक्टरचा, ट्रकचा किंवा पाण्याच्या इंजिनाचा झिजलेला क्रँकशाफ्ट तेथे येतो. कारागीर त्याची जर्नल्स थोडी घासून पुन्हा गोल करतो, त्या मापाचे बेअरिंग बसवितो आणि निकामी ठरणारे इंजिन पुढे कित्येक वर्षे चालते. अशा ठिकाणी कधी कधी जुने, ओतीव लोखंडाचे, काळवंडलेले परदेशी यंत्र उभे असते. असे यंत्र विकत घेताना जाणकार त्याचा रंग पाहत नाही. टेबल ज्या मार्गांवर सरकतो ते मार्ग मध्यभागी झिजले आहेत का, चाकाच्या आसात ढिलाई आहे का, दोन्ही सेंटर्स एका रेषेत येतात का, हे तो पाहतो. हे तीन गुण शाबूत असतील, तर दोन पिढ्यांपूर्वीचे यंत्रही आज एक हजारांश इंचाहून सूक्ष्म माप देऊ शकते. जड पाया, समतोल चाक आणि पाण्याची अखंड धार या नॉर्टन यांनी धरलेल्या तीन गोष्टी आजच्या संगणक-नियंत्रित ग्राइंडरमध्येही तशाच आहेत.

उपसंहार

नॉर्टन यांच्या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांनी चाक शोधले नाही, ग्राइंडिंग यंत्रही प्रथम त्यांनी बनविले नाही. सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेल्या यंत्राकडून सर्वांनी फार थोडे मागितले होते. त्यांनी अधिक मागितले आणि ते देण्याइतके त्याला समर्थ केले. नामांकित संस्थेने नकार दिला तेव्हा त्यांनी तिला दोष दिला नाही, पण आपले म्हणणेही सोडले नाही. पन्नाशीच्या जवळ, लोक निवृत्तीचा विचार करू लागतात त्या वयात, त्यांनी नव्या गावी पहिल्यापासून सुरुवात केली.

आणि त्यांच्याइतकेच स्मरण ज्यांनी त्यांच्यावर विश्वास टाकला त्या वुस्टरच्या व्यापाऱ्यांचे व्हावयास हवे. कल्पना असलेला माणूस दारी आला असता त्याचे वय, पूर्वीचे अपयश किंवा इतरांनी दिलेला नकार न पाहता, त्याच्या म्हणण्यातील तथ्य तपासून त्यांनी भांडवल पुढे केले. आपल्या दुकानात, कारखान्यात किंवा घरातही एखादा अबोल कारागीर अशीच एखादी कल्पना मनात घेऊन वावरत असेल. त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्यासाठी आपण थोडा वेळ काढला, तर या यंत्रतपस्व्याचे स्मरण सार्थकी लागेल.